गांधीनगर असताना आखेन कशाला?

भाच्याची एका सेमिस्टरसाठी जर्मनीत आखेनला निवड झाली आणि बडोद्यात आमच्या घरी दोन तट पडले. एका बाजूला भाचा एकटा. दुसऱ्या बाजूला काका, आणि काकांना दुखवायला नको म्हणून बाकीचे सगळे.

काकांचं म्हणणं असं, की डीकिन आणि वोलोंगाँग या ऑस्ट्रेलियन युनिव्हर्सिटी २०२४ मध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत सुरू झाल्या. परदेशच दारात आला असेल तर पोराला विमानात कशाला बसवायचं? आणि जायचंच तर अख्ख्या डिग्रीला जावं, एक सेमिस्टर म्हणजे निव्वळ सहल. शेवटी फॅमिली ग्रुपवर त्यांचं ठेवणीतलं वाक्य आलं: "सयाजीरावांनी बाहेरचं सगळं इथं आणलं, तुम्ही इथलं बाहेर नेता." रोख माझ्यावर होता. मीही अशीच एका सेमिस्टरला आखेनला आले होते, परत गेले, पुन्हा मास्टर्सला आले आणि राहिले.

आधी पैशाचं. काका "लाखांचा चुराडा" म्हणतात. एक्सचेंजवर येणारा मुलगा फी बडोद्यालाच भरतो, इथली युनिव्हर्सिटी त्याच्याकडून वेगळी शिकवणी फी घेत नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात आणि ते त्याचेच असतात, दर महिन्याला त्यालाच मिळतात. त्यातून भाडं, विमा, मेन्सातलं, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमधलं, जेवण. सहा महिन्यांचे सहा लाखांच्या आसपास होतात. रक्कम छोटी नाही, पण आमच्या घरातल्या गेल्या लग्नात नुसत्या मंडपावर आणि फुलांवर काय गेलं हे काकांना ठाऊक आहे. तेव्हा कुणी चुराडा म्हटलं नाही.

माझ्या ऑफिसात एकाचा मुलगा सेमिस्टरसाठी लिस्बनला गेलाय. लंचला बापानं एका वाक्यात सांगितलं आणि विषय हवामानावर गेला. इथे युरोपात १९८७ पासून इरॅस्मस ही विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना आहे, पोरं जातात, येतात, कुणी नारळ फोडत नाही की देशद्रोह काढत नाही. हे मी ग्रुपवर झोकात लिहिलं. लिस्बनला जाणाऱ्याला व्हिसा लागत नाही आणि घर गहाण ठेवावं लागत नाही, हे लिहायचं टाळलं. वादात सगळंच सांगायचं नसतं.

गिफ्ट सिटीबद्दल माझं काही वाकडं नाही. वर्ग तिथे भरेल, प्राध्यापक येतील, डिग्रीही ऑस्ट्रेलियाचीच मिळेल. पण संध्याकाळी मुलगा त्याच जगात परतेल. मी आले तेव्हा हॉस्टेलच्या सामाईक किचनच्या दारावर पुट्झप्लान, म्हणजे साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता, लावलेला होता आणि पहिल्याच आठवड्यात माझं नाव बाथरूमपुढे. मी उभी राहिले नुसती. हॅनोव्हरची एक मुलगी होती, तिनं न हसता दाखवलं: लाल फडकं फक्त संडासाला, निळं आरशाला, नळावरचा पांढरा थर व्हिनेगरनं, आणि ब्रश वापरून झाला की पाणी निथळू द्यायचं. थर्मोडायनॅमिक्स मला बडोद्यात जास्त चांगलं शिकवलं होतं. हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. काका म्हणतात, संडास धुवायला शिकायचं तर जर्मनी कशाला? कारण आमच्या घरी मला कुणी धुऊ दिलं नसतं. त्यासाठी वाड्याच्या मागच्या दारानं एक बाई यायच्या. त्यांना पुढच्या दारानं येताना मी कधी पाहिलं नाही, आणि हे असं का, ते मी बडोद्यात असताना कधी विचारलंही नाही.

आता सयाजीराव. काका त्यांना असे वापरतात जसा काही महाराजांनी सगळा कारभार लक्ष्मीविलास राजवाड्याच्या गच्चीवरून केला. महाराज १८८७ पासून युरोपच्या वाऱ्या करत होते. संस्थानिकांच्या परदेशी वाऱ्यांना लगाम घालायला व्हाइसरॉय कर्झननं १९०० मध्ये परिपत्रक काढलं, ते महाराजांना चांगलंच झोंबलं. कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं कॉलेज १८९० चं, अख्ख्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ चं. ग्रंथालयं उभी करायला अमेरिकेतून बॉर्डन आणले, बागांसाठी क्रुम्बिगेल नावाचा जर्मन आणला, तो पुढे बंगळुरूला लालबागेत गेला. बाहेरचं इथं आणायला आधी कुणीतरी बाहेर जाऊन बघावं लागतं, एवढं तरी काकांनी मान्य करावं.

आणि महाराजांनी माणसंही पाठवली. १९१३ मध्ये आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. "परत आलंच पाहिजे" म्हणणाऱ्यांना हा करार फार आवडतो. ते परत आले, १९१७ मध्ये. दरबारात नोकरी होती, पण शिपाई त्यांच्यापुढे फायली लांबून टाकत आणि बडोद्यात त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथून लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. कमाटीबागेत बसून राहिले आणि मुंबईची गाडी धरली. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे. त्यांचं नाव घेऊन माझी रडगाणी सांगायची नाहीत, तेवढी अक्कल आहे, आणि आमचा वाडा कुणाच्या बाजूचा होता हेही मला कळतं. पण परत येण्याचा करार दोन बाजूंचा असतो. बडोद्यानं आपली बाजू पाळली नव्हती.

माझं प्रकरण त्यापुढे किरकोळ आहे, म्हणून थोडक्यात. इथलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात. मी परतले तेव्हा कॉलेजचं पुढचं सेमिस्टर निम्मं उरकलं होतं. आखेनची गुणपत्रिका दाखवली, १.३ ग्रेड बघून क्लार्कला वाटलं मी कशीबशी पास झाले. इथे एक म्हणजे सर्वोत्तम, हे समजावण्यात एक दुपार गेली. शेवटी तेच विषय पुन्हा दिले. आता २०२० चं शैक्षणिक धोरण आहे, २०२१ पासून एका संस्थेतले क्रेडिट दुसरीकडे धरता यावेत म्हणून क्रेडिट बँक आहे, कागदावर सगळं जुळतं. कागदावर.

खरं तर या वादात मला एवढं काय झोंबतं, याचा मी विचार केला. पुण्याच्या मावसबहिणी लहानपणापासून विचारत आल्या, तुम्ही घरी गुजरातीच बोलता ना? बडोद्यात नवरात्रात गरब्याच्या मैदानावर शेजारी उभी असलेली कुणीतरी हमखास विचारायची, महाराष्ट्रातून आलात का? आम्ही गायकवाडांच्या मागून अठराव्या शतकात आलो. एवढं लांब एक्सचेंज सेमिस्टर जगात कुणाचं नसेल, आणि क्रेडिट अजून दोन्हीकडे ट्रान्सफर झालेली नाहीत. त्यामुळे आखेनला परदेशी म्हणून रांगेत उभं राहिले तेव्हा मला फारसं नवीन वाटलं नाही. इथे निदान त्याचं ऑफिस आहे, नंबर मिळतो.

दांडिया बाजारातल्या गणपतीची आरती मी रविवारी मोबाइलवर बघते, आवाज बारीक करून, कारण खालच्या मजल्यावरच्या आजी हाउसमायस्टरला, म्हणजे इमारतीच्या देखभाल करणाऱ्याला, फोन करतात. सेवउसळीची तर्री मला अजून जमत नाही. आणि जर्मन नागरिकत्वाचा अर्ज भरून ठेवलाय. जर्मनीनं जून २०२४ पासून जुना पासपोर्ट ठेवायला मुभा दिली, पण भारत देत नाही. म्हणजे निळा पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घेऊन आपल्याच गावी पाहुणी म्हणून उतरायचं. अर्ज अजून पाठवलेला नाही. काकांना कळलं तर म्हणतील, मी सांगितलं होतं. ते बरोबरच ठरतील आणि तेच मला सहन होणार नाही. काका समजतात तसं मी ठरवून काही बाहेर नेलं नाही. एकेका सेमिस्टरनं राहत गेले.

भाचा परवा फोनवर म्हणाला, "मावशी, मी परत येणार की नाही, हे आत्ताच सांगायला लागतं का?" मी म्हटलं, नाही, आत्ता फक्त लर्निंग अॅग्रीमेंट लागतं. कुठले विषय इथे घेणार आणि बडोद्यात ते कशाऐवजी धरणार, हे निघण्याआधी लिहून घ्यायचं, त्यावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घ्यायचा. नाहीतर माझ्यासारखे पेपर पुन्हा. गेले काही आठवडे तो कागद ऑफिसात पडून आहे. काकांची तिथे अर्ध्या स्टाफशी ओळख आहे, सकाळी कमाटीबागेत त्यांच्याबरोबरच चालायला जातात. उद्या जाताना तो कागद खिशात घालून न्यावा. गिफ्ट सिटीचं नंतर बघू.