कोचने शब्द दिला म्हणजे जागा मिळाली, असं होत नाही

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मुलगा हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळत असेल आणि कॉलेजचे कोच घरी फोन करू लागले असतील, तर पालकांनी कसं वागावं याचा तो उपदेश आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोचने ऑफर दिली की जागा पक्की. मुलाने एकदा होकार दिला की दुसऱ्या कोचशी बोलणं ही बेइमानी. स्कॉलरशिप मिळाली की चार वर्षांची काळजी मिटली. आयव्ही लीगमध्येही (हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठांत) फुटबॉलच्या जोरावर फुल स्कॉलरशिप मिळते. आणि हल्ली पैशांच्या नादाने मुलंच बेभरवशाची झाली आहेत, कोच मात्र शब्दाला जागतात.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा टेक्सासमध्ये अकरावीत आहे, ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये खेळतो. हा मेसेज वाचून तिने त्याला बाकीच्या कोचचे फोन उचलू नकोस म्हणून सांगूनही टाकलं. हे कळलं तेव्हा माझा संताप झाला, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात घातक मुद्दा दुसरा, त्या बेइमानीचा. तोंडी होकार, म्हणजे ज्याला सगळे ‘कमिट होणं’ म्हणतात, तो नियमाने कोणालाच बांधत नाही, ना मुलाला ना कॉलेजला. कॉलेजं तो तसाच धरून चालतात आणि त्याच जागेसाठी आणखी चार मुलांशी बोलणी चालू ठेवतात. मग सतरा वर्षांच्या पोरानेच तेवढं दार लावून का बसायचं?

एरिक स्वेन्सन या मुलाने 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठाला होकार दिला होता. दोन वर्षांहून जास्त काळ तो त्या शब्दावर राहिला. मधल्या काळात कोच बदलले, जिम हारबॉ आले, आणि 2016 च्या जानेवारीत, सह्यांचा दिवस, म्हणजे हायस्कूलची मुलं कॉलेजांशी करारावर सह्या करतात तो दिवस, अगदी तोंडावर आलेला असताना, त्याला सांगण्यात आलं की तुझ्यासाठी जागा नाही. नशीब की ओक्लाहोमाने त्याला घेतलं. मेसेज लिहिणाऱ्याने या मुलाच्या आईला निष्ठेचे धडे द्यावेत.

दुसरं उदाहरण रोक्वान स्मिथचं. फेब्रुवारी 2015 मध्ये त्याने टीव्हीवर यूसीएलए हे लॉस एंजेलिसमधलं विद्यापीठ निवडत असल्याचं जाहीर केलं. कागद पाठवायचे बाकी होते. त्याच दिवशी बातमी आली की त्याच्याशी सगळी बोलणी करणारे तिथले डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावफळीचे मुख्य कोच, जेफ उलब्रिच अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघाकडे निघाले आहेत. त्याने कागद थांबवले. पुढे तो जॉर्जियाला गेला तेव्हा त्याने फक्त आर्थिक मदतीच्या करारावर सही केली, ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर, म्हणजे मुलाला त्या कॉलेजशी बांधून घेणाऱ्या कागदावर, केलीच नाही. त्यामुळे कॉलेज बांधलं गेलं आणि तो मोकळा राहिला. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, शिकागो बेअर्सने त्याला आठव्या क्रमांकावर निवडलं. 2015 च्या त्याच फेब्रुवारीच्या आठवड्यात माइक वेबर या मुलाने ओहायो स्टेटला सही करून दिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला तिथे आणणारे रनिंग बॅक कोच नोकरी बदलून गेले. त्याची सही झालेली होती, त्यामुळे त्याला काहीही करता आलं नाही.

आता त्या लेटर ऑफ इंटेंटमध्ये काय लिहिलेलं असायचं ते पाहा, कारण सगळ्या वादाचं उत्तर तिथेच आहे. त्यात स्पष्ट कलम होतं: मी ही सही संस्थेशी करतो आहे, विशिष्ट कोचशी नाही, कोच सोडून गेला तरी मी बांधील आहे. 1964 पासून मुलांनी या कागदावर सह्या केल्या आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तो बंद झाला. आता लेखी आर्थिक मदतीचा करार असतो. म्हणजे कोचच्या शब्दाची जबाबदारी घ्यायची नाही, हे संस्थांनी स्वतःच छापून ठेवलं होतं. तरीही आपण पालकांनी ‘पण कोच किती प्रेमाने बोलले’ म्हणून विश्वास ठेवायचा?

ऑफर म्हणजे जागा, हा मुद्दा त्याच कुळातला. बारावीच्या वर्षातल्या 1 ऑगस्टपूर्वी कॉलेजला लेखी ऑफर पाठवताच येत नाही. त्यामुळे दहावी-अकरावीतल्या मुलाला मिळालेली ऑफर तोंडीच असते, मग तिचं चित्र कितीही सुंदर छापून पाठवलेलं असो. वीस-पंचवीस जागांसाठी दोनशेच्या वर ऑफर वाटणारी विद्यापीठं आहेत. त्यातल्या कितीतरी ‘कमिटेबल’ नसतात, म्हणजे मुलगा हो म्हणाला तर कोच म्हणतो, जरा थांब. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: मी आत्ता फोनवर हो म्हणालो तर तुम्ही आत्ता घ्याल का?

चार वर्षांचं म्हणाल तर, 1973 पासून स्कॉलरशिप एकेका वर्षाचीच असायची. 2012 मध्ये अनेक वर्षांची द्यायला परवानगी मिळाली. तीही रद्द करायला विद्यापीठांनी मतदान घेतलं आणि ते अगदी थोडक्यात फसलं. मोठ्या पाच कॉन्फरन्सनी (विद्यापीठांच्या स्पर्धागटांनी) खेळातल्या कामगिरीवरून स्कॉलरशिप काढून घ्यायची नाही हा नियम 2015 मध्ये केला. म्हणजे कुठलं कॉलेज आणि कागदावर किती वर्षं, हे पाहावं लागतं. शिवाय खेळाडूंनी एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेवर लावलेल्या दाव्यातल्या तडजोडीमुळे आता फुटबॉल संघाला 105 खेळाडूंची मर्यादा आली आहे. ती लागू होण्याआधीच इतक्या मुलांच्या कबूल केलेल्या जागा गेल्या की 2025 च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी अशा मुलांना संरक्षण दिल्याशिवाय ती तडजोड मंजूर करायला नकार दिला. कोच शब्दाला जागत असते तर न्यायाधीशांना मध्ये पडावं लागलं नसतं.

आयव्ही लीगचं उत्तर एका ओळीत: तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, घरची गरज पाहून मदत मिळते.

मुलं बेभरवशाची झाली, यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. ऐन सह्यांच्या दिवशी शब्द फिरवणारी मुलं आहेत. 2021 च्या डिसेंबरमध्ये ट्रॅव्हिस हंटरने फ्लोरिडा स्टेटला दिलेला होकार मोडून डिऑन सँडर्स कोच असलेल्या जॅक्सन स्टेटमध्ये सही केली. आणि कोचवरचा विश्वास फळतो, याचंही उदाहरण तोच आहे: सँडर्स कोलोरॅडोला गेले, तो त्यांच्या मागोमाग गेला आणि 2024 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकला. पण त्याच सँडर्सनी कोलोरॅडोत पहिल्याच बैठकीत आधीच्या खेळाडूंना ट्रान्स्फर पोर्टलचा (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीचा) रस्ता दाखवला होता. त्या मुलांनाही आधीच्या कोचने घरी येऊन शब्द दिलेलाच असणार. त्यांचं काय?

राहिला पैशांचा मुद्दा. जेडन रशाडाने 2022 मध्ये फ्लोरिडाला सही दिली, त्याच्याभोवती नाव-प्रतिमा वापरू देण्याच्या 1 कोटी 38 लाख 50 हजार डॉलरच्या कराराची बातमी होती. तो करार मोडला, मुलगा तिथून मोकळा झाला, आणि 2024 च्या मे महिन्यात त्याने तिथले प्रमुख कोच आणि एका देणगीदारासह इतरांवर फसवणुकीचा दावा लावला. आरोप सिद्ध झालेत असं मी म्हणत नाही. पण रक्कम एवढी असतानाही कराराचं हे झालं. तेव्हा कोच पैशांचा आकडा सांगू लागला तर तो लिहून मागा, देणारा कोण आणि करार कोण, कधी मोडू शकतो ते वाचा, आणि सही करण्याआधी कागद आपल्या वकिलाला दाखवा.