बुटाला चुना

पांढरे कापडी बूट घ्यायचा महाराष्ट्रातला मुहूर्त म्हणजे जूनचा मध्य. आभाळ फाटलेलं, रस्त्याला दुधाळ चहाचा रंग आलेला, आणि शाळेच्या यादीत ठळक अक्षरांत ‘शनिवार : पांढरे कॅनव्हास’. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जरा उशिरा उघडतात. पण तोवर चिखलही तिथे पोचलेला असतो. हा नियम ज्या कुणी केला, त्याच्या घरी बूट धुण्याचं काम नक्कीच दुसऱ्या कुणाकडे असणार.

वर हे बूट हातात घेतले की घरातलं एखादं ज्येष्ठ माणूस म्हणतंच, ‘आमच्या वेळचे कॅनव्हास काय टिकायचे!’ माझ्या मते हे निम्मं खरं आहे. पूर्वीचा बूट टिकायचा म्हणजे हप्त्याहप्त्याने जायचा. आधी करंगळीपाशी कापड विरायचं, मग अंगठा दर्शन द्यायचा, लेसच्या टोकाची उलगडून वात व्हायची. तळ मात्र ढिम्म. आतून तो इतका सपाट असायचा की पाटावर उभं राहिल्याचा भास व्हावा, पण निघायचा नाही. हल्लीचा बूट वरून शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो, आणि एका शनिवारी ‘दाहिने मुड’ म्हटल्यावर कापड उजवीकडे वळतं, तळ सरळ पुढे जातो.

गोम जोडणीत आहे. जुन्या पद्धतीत शिवलेलं कापड कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ताणायचं, भोवती कच्च्या रबराची पट्टी गुंडाळायची आणि कलबुतासकट सगळा ऐवज बंद भट्टीत साधारण तासभर, सव्वाशे अंशांच्या आसपास शिजवायचा. रबरात कालवलेलं गंधक त्या उष्णतेत रबराच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. चार्ल्स गुडइयरला ही किमया १८३९ मध्ये सापडली. भट्टीत जाण्याआधी रबर मऊ असतं, त्यामुळे ते कापडाच्या विणीत शिरतं आणि तिथेच पिकतं. मग तळ आणि कापड वेगळं करायला सुरीच लागते.

स्वस्त बुटात आता हे सोपस्कार नसतात. तळ आधीच तयार होऊन येतो आणि चिकटवला जातो, किंवा वितळलेलं पीव्हीसी प्लास्टिक साच्यात दाबून थेट कापडाखाली भरलं जातं. काम मिनिटांत होतं. मात्र पीव्हीसी थंडीत ताठरतं आणि ओल्या शहाबादी फरशीवर माणसाला साष्टांग नमस्कार घालायला लावतं. बाजूला रबरी पट्टीची रेघ दिसते खरी, पण ती साच्यातच कोरलेली असते. दाराच्या चौकटीवर छापलेल्या तोरणासारखी.

आपल्याकडच्या शाळकरी कॅनव्हासचं घराणं मोठं आहे. बाटाचा ‘टेनिस’ १९३६ मध्ये कोलकात्याजवळच्या बाटानगरात शाळकरी मुलांसाठीच निघाला. तिकडे अमेरिकेत कॉन्व्हर्सचा ‘ऑल स्टार’ १९१७ पासूनचा. बास्केटबॉलसाठी जन्मला आणि पुढे गिटार वाजवणाऱ्यांच्या पायांत गेला. २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं, अमेरिकेतलं उत्पादन थांबून आशियात गेलं, २००३ मध्ये नायकेने कंपनी घेतली. मग ‘पूर्वीसारखा राहिला नाही’ ही तक्रार इतकी पिकली की २०१३ मध्ये ‘चक ७०’ आला. जाड कॅनव्हास, उंच आणि चकचकीत सायीच्या रंगाची पट्टी, आत मऊ गादी. थोडक्यात, जुनाच बूट नव्या आणि चढ्या भावात. साध्या ‘ऑल स्टार’च्या तळाला मात्र बारीक लव असते. ती पायाच्या सुखासाठी नाही. तळावर कापड असलं की अमेरिकेच्या आयात करात बूट कमी दराच्या खान्यात बसू शकतो. चार दिवस चाललं की लव झडते, तोवर बूट बंदरातून सुखरूप बाहेर पडलेला असतो. बुटाने माणसाला चावावं हे ठाऊक होतं. जकातवाल्याला गुदगुल्या कराव्यात हे नवीन.

तर दुकानात काय बघायचं? बूट मधोमध वाकवू नका, तिथे पाय वाकतच नाही. बोटांच्या मुळाशी वाकवा आणि पट्टी व कापड यांच्यामध्ये फट पडते का ते पाहा. पट्टीचा जोड शोधा : खरी गुंडाळलेली पट्टी कुठेतरी, बहुधा टाचेशी किंवा आतल्या बाजूला, स्वतःवर चढलेली दिसते. जोडच नसेल तर तो साचा. लेसच्या भोकांच्या कड्यांना चुंबक लावा. चिकटलं तर कडी लोखंडी, म्हणजे श्रावणापर्यंत प्रत्येक भोकाभोवती तांबडी चंद्रकोर. दुकानदार तुमच्याकडे कसं बघतो ते मात्र बघू नका.

मग धुणं. पांढरं कापड पिवळं पडतं ते बहुतेक वेळा मळाने नव्हे, आपल्या उत्साहाने. साबणाचा खार विणीत राहतो, पाणी उडताना तो वर येतो आणि उन्हात पिवळा पडतो. म्हणून साबण कमी, खळबळणं तीनदा आणि शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर. ओल्या बुटाला बाहेरून पांढरा टिश्यू कागद गुंडाळून सावलीत ठेवा. पिवळेपण कागदावर उतरतं. आत वर्तमानपत्र कोंबू नका, नाहीतर अग्रलेख अस्तरावर उमटतो. ब्लीच तर नकोच, ते सुताचा जीव घेतं. गरम पाणीही नको, ते डिंकाचा घेतं.

एवढं करूनही डाग राहिले तर पांढरं पॉलिश, आणि तेही संपलं असेल तर वर्गातला खडू. पातळ एक हात पुरे. दोन-तीन हात चढवले की वाकायच्या जागी जुन्या भिंतीसारखे पोपडे सुटतात आणि मूल चालेल तिथे रांगोळी पडते.

तळ सुटलाच तर दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर दोन्हींकडे द्या आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. इथे सगळे घाई करतात. मग दाबा आणि रात्रभर वर वरवंटा. पीव्हीसीच्या तळाला मात्र हे साधं सोल्यूशन धरत नाही. त्याला पॉलियुरेथेनचा डिंक लागतो. कोपऱ्यावरचे चपला शिवणारे काका तो तळ सरळ दोऱ्याने शिवून देतात. शोभत नाही, पण टिकतो.

उरतो शुक्रवारच्या रात्रीचा प्रश्न. बाहेर धो धो पाऊस, सकाळी सातला प्रार्थना, आणि बूट पिळला तर अजून अर्धी वाटी पाणी निघतंय. शास्त्र सांगतं पंख्याखाली आडवे ठेवा, उष्णता देऊ नका. घराघरांतली आई ते फ्रिजमागच्या जाळीपाशी उभे करते. मी याबाबतीत शास्त्राची बाजू घेत नाही, कारण शनिवारी सकाळी शास्त्र शाळेत पोचवायला येत नाही.