क्लासला घातलं म्हणजे पोरगं खेळलं असं होत नाही

'मुलं मोबाईल सोडत नाहीत हो' म्हणणारे आणि सोसायटीच्या गेटवर 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावणारे बहुतेक वेळा एकच लोक असतात. आमच्या मीटिंगमध्ये एका गाडीच्या ओरखड्यावर अर्धा तास जातो. मुलांनी खेळायचं कुठे? ते 'पुढच्या वेळी बघू'.

मग पालक क्लास लावतात. तीन दिवस फुटबॉल, दोन दिवस स्केटिंग. वाईट काहीच नाही. पण तिथे टीम सर पाडतात, शिट्टी सर वाजवतात, आउट कोण तेही सरच सांगतात. डबा ऐसपैस किंवा लगोरीत हे सगळं पोरांनाच निस्तरावं लागतं. चकायचं, राज्य कुणावर ते ठरवायचं, कुणी रडीचा डाव खेळला की भांडायचं, आणि तरी लगेच पुन्हा उभं राहायचं, कारण दोघं रुसून घरी गेले तर खेळच मोडतो. कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागलेला असतोच. त्याला कच्चा लिंबू करून घेतात. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, पण आउट झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कुठल्या सरांनी शिकवलेला नाही. (आमच्या कमिटीला एवढी समज असती तर!)

शिवाय डोळे. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर दिवसा १०,००० च्या वर. त्या उजेडामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि डोळ्याचा गोळा नको तेवढा लांबत नाही (लांबला की दूरचं धूसर दिसतं), असं संशोधक मानतात. तैवानने २०१० मध्ये शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीम घेतली, आणि वर्षानुवर्षं चढत गेलेलं अधू नजरेचं प्रमाण नंतरच्या काही वर्षांत उतरलं. लागलेला नंबर यानं जात नाही, पण चष्मा लागणं लांबतं.

रस्त्यावर सोडा असं मी म्हणत नाही, तिथली वाहनं मलाही दिसतात. आणि मुलींचं तर सहावी-सातवीतच खाली उतरणं बंद होतं, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

येत्या सभेत मी ठराव मांडतोय: संध्याकाळी ५ ते ७ पार्किंगची पुढची रांग रिकामी, मुलामुलींसाठी. काच फुटली तर वर्गणी काढू. पहिली पावती माझ्या नावाची फाडा. अनुमोदक हवाय, खाली कमेंटमध्ये फ्लॅट नंबर टाका.