सोनं देता, मग बाजार का बंद ठेवता?

डीएम लोकहो, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये गोष्ट रचून खेळ चालवणाऱ्यांनो, ज्या पैशानं काही विकत घेता येत नाही त्याला बक्षीस का म्हणायचं, हे मला एकदा सांगा. डोकं फिरायची वेळ आली आहे.

जुळे सोलापुरात एका मित्राच्या गच्चीवर आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं कॅम्पेन, म्हणजे या फाशांच्या भूमिका-खेळातली सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, चालतं. 2014 चे नियम. माझा फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, सातव्या लेव्हलला पोचला. पात्राच्या शीटवर गोल्डचा, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचा, आकडा खोडून नवा लिहिता लिहिता तिथला कागद विरलाय, आणि अंगावर आर्मर अजून पहिल्या सेशनचंच आहे. चेन मेल, म्हणजे कड्यांचं चिलखत, एसी 16 (शत्रूला वार लागायला गाठावा लागणारा आकडा). प्लेट आर्मर 1500 गोल्डला आहे, पुस्तकात छापलेलं आहे, पैसे कधीचेच जमलेत. पण या गावात लोहार नाही. पुढच्या गावात लोहार आहे, तर तो फक्त घोड्यांचे नाल ठोकतो. राजधानीत मिळेल म्हणतात, पण राजधानीला जायला कथेत वेळ नाही. मग ते सोनं दिलंच कशाला? गड्ड्याच्या जत्रेत पोराच्या खिशात नोटा कोंबून सोडायचं आणि सगळे पाळणे, सगळे स्टॉल बंद ठेवायचे, असला हा प्रकार आहे.

आणि हे थोड्याथोडक्या सोन्याचं नाही. डीएमच्या पुस्तकातले खजिन्याचे तक्ते कुणी बसून नीट बघितलेत का? राक्षसांच्या ताकदीनुसार पाडलेल्या पहिल्या टप्प्यातल्या एका खजिन्यात नाण्यांची सरासरी साधारण 200 गोल्ड येते. पुढच्या टप्प्यात तीच 3,850 च्या आसपास. त्याच्या पुढे 31,500. शेवटच्या टप्प्यात सव्वातीन लाखांच्या घरात. रत्नं आणि दागिने वेगळेच. त्या दुसऱ्या टप्प्यात असे 18 खजिने द्यावेत असा पुस्तकाचा अंदाज आहे. म्हणजे चार जणांत वाटले तरी माणशी 17 हजारांच्या वर. आणि अंगावर घालायच्या साध्या सामानात सगळ्यात महाग काय, तर तेच 1500 चं प्लेट. बाकीच्या पैशाचं काय करायचं ते डीएमनं ठरवायचं असतं. तो ठरवत नाही. पन्नास नाण्यांना एक पौंड वजन, एवढं मात्र अगदी चोख मोजतो!

पूर्वी असं नव्हतं. 1974 च्या मूळ खेळात सोनं घरी आणलं की त्याचेच एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मिळायचे, एका गोल्डला एक. पुढच्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत लेव्हल वाढवायला गुरूकडे ट्रेनिंग घ्यावं लागायचं आणि त्याची फी आठवड्याला लेव्हलगुणिले 1500 गोल्ड. खिसा रिकामा व्हायचा, मग पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, स्वतःहून पुढच्या भुयाराची चौकशी करायची. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं तर कुठल्या लेव्हलला किती संपत्ती असावी याचा तक्ताच दिला. पाचव्याला 9,000, दहाव्याला 49,000. त्यात मॅजिक आयटम, म्हणजे जादूच्या वस्तू, विकत घेता यायचे आणि राक्षसांची ताकदही तेवढं सामान गृहीत धरून ठरवलेली. त्या तक्त्याची कटकट होती, मान्य. पण सोन्याला काम होतं. 2014 मध्ये मॅजिक आयटम गृहीत धरणं बंद केलं, विकत घेणं डीएमच्या मर्जीवर सोडलं आणि खजिन्याचे आकडे मात्र भरघोस ठेवले. तेव्हा ही जबाबदारी तुमची आहे, मालक. पुस्तकावर ढकलू नका.

सगळ्यात जास्त राग ज्या गोष्टीचा आहे ती आता सांगतो. आमचा बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारं पात्र, मेला. क्लेरिककडे, म्हणजे आमच्या पुजाऱ्याकडे, मेलेल्याला उठवणारा रिव्हिव्हिफाय हा स्पेल (मंत्र) तयार होता. पार्टीकडे हजारो गोल्ड होतं. त्या स्पेलला 300 गोल्डचा हिरा लागतो. आम्ही आधीच्या दोन्ही शहरांत हिरा विचारला होता आणि दोन्हीकडे "इथं मिळत नाही" एवढंच उत्तर मिळालं होतं. मेल्यावर एका मिनिटाच्या आत स्पेल टाकावा लागतो, ते मिनिट गेलं. ज्यानं ते कॅरेक्टर जीव लावून उभं केलं होतं तो पोरगा खाली मान घालून शीट बघत बसला. हा कसला समतोल? फाशांनी मारलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. पैसे असताना दुकान नव्हतं म्हणून तो मेला.

बरं, डीएम कंजूष आहे म्हणावं तर तसंही नाही. दुसऱ्या टोकाला हात एकदम सैल. आमच्या पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, एका सेशनमध्ये प्लेट मिळालं आणि प्लस वनची जादूची ढालसुद्धा. प्लेटचे 18, ढालीचे 2 आणि जादूचा 1, एसी 21. ओगर या राक्षसाचा हल्ला प्लस 6, म्हणजे फाशाच्या आकड्यात 6 मिळवायचे. माझ्या 16 ला तो शंभरात 55 वेळा लागतो, पॅलाडिनला 30 वेळा. दोन सेशन डीएमनं बघितलं की पॅलाडिनला काही लागत नाही. मग त्यानं सगळ्या राक्षसांचा हल्ला तीननं वाढवला. पॅलाडिनला आता 45 टक्के. ठीक आहे, त्याला मजा आली. पण मागं उभ्या असलेल्या विझर्डचा, म्हणजे जादूगाराचा, एसी 12 आहे. त्याला आधी 75 टक्के लागायचं, आता 90! ज्याला आयटम मिळाला त्याच्यासाठी काटा फिरवला आणि चटका ज्याला काहीच मिळालं नाही त्याला बसला. दर लढाईत तो पहिल्या दोन राउंडमध्ये आडवा. याला तुम्ही बॅलन्स म्हणता?

रेअरिटीवर, म्हणजे वस्तू किती दुर्मीळ या शिक्क्यावर, डोळे झाकून विश्वास ठेवणं हा आणखी एक रोग. ब्रूम ऑफ फ्लाइंग अनकॉमन आहे, ॲट्यूनमेंट (वस्तूशी जादूचा दुवा जोडणं) लागत नाही आणि पुस्तकाच्या हिशेबानं अनकॉमनची किंमत 101 ते 500 गोल्ड. म्हणजे उडता झाडू प्लेट आर्मरपेक्षा स्वस्त! तो झाडू पार्टीत आला की दऱ्या, भिंती, खंदक, अर्धी कोडी निकालात. देण्याआधी पाच मिनिटं विचार करा ना. कुठं लिहिलंय की तक्त्यावर आलं ते दिलंच पाहिजे?

आणि मग हाताबाहेर गेलं की ठरलेला उपाय. रात्री झोपेत चोर येतात, किंवा शुद्धीवर येता तेव्हा तुम्ही तुरुंगात आणि सगळं सामान गायब. हे करू नका. हात जोडून सांगतो, करू नका. चुकून जास्त दिलं असेल तर टेबलावर सरळ बोला, "मित्रांनो, हे भारी पडतंय, बदलून देतो." कुणी नाही म्हणत नाही. दिलेलं गुपचूप हिसकावलं की पुढच्या खजिन्याचा आनंद कायमचा जातो. माणूस पेटी उघडतानाच विचार करतो, हे किती दिवस राहू देतील.

सोलापूरच्या डीएमनं तरी ही सबब सांगू नये की बाजार उभा करायला सुचत नाही. दिवाळीच्या तोंडावर नवी पेठेतून जो कोपरानं वाट काढत गेलाय त्याला बाजार सुचत नाही? यंत्रमागांच्या खडखडाटात ज्याचं बालपण गेलं त्याच्या अख्ख्या जगात एक विणकर नाही, जो आगाऊ पैसे घेईल, दोन महिन्यांची मुदत सांगेल आणि क्लोक विणून देईल? आमच्याकडे घासाघीस करायला जीभ आहे, वाट बघायची तयारी आहे. लोहाराला ड्रॅगनची खवलं हवी असतील तर ती आणायला आम्ही जाऊ, तेच पुढचं साहस होईल. पुस्तकात ट्रेडिंग पोस्ट 5,000 ला आहे, छोटा किल्ला 50,000 ला, बांधायला 400 दिवस. आम्हाला किल्ला बांधू द्या. त्यावर हल्ला करा. जहाज 10,000 ला घेऊ द्या आणि वादळात घाला. सोनं खर्च होईल आणि गोष्टही पुढं जाईल.

या रविवारी आम्ही बंदराच्या शहरात पोचतोय. मी डीएमला आधीच मेसेज टाकलाय: प्लेट बनवणारा लोहार, 300 गोल्डचे दोन हिरे आणि विझर्डसाठी काहीतरी, काहीही, ज्यानं तो तिसऱ्या राउंडपर्यंत उभा राहील. भाव तू ठरव, मुदत तू ठरव, पण दुकान उघडं ठेव.