सल्ला मागितलात ना, मग उत्तरही द्या

नाशिककरांनो, जरा मोठं लिहितोय, पण वेळ काढून वाचा.

कुंभ तोंडावर आलाय, त्यामुळे बैठका, सल्लागार समित्या, हरकती-सूचना हे सगळं परत रोज पेपरात दिसायला लागलंय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून जोरात वाद झाला. काहींचं म्हणणं, या समित्या चहा-बिस्किटापुरत्या, बंदच करा. काही म्हणतात, सरकार बोलावतंय तेच खूप. मला दोन्ही पटत नाही. समित्या हव्यातच, पण ज्याने सल्ला मागितला त्याच्यावर उत्तर द्यायचं बंधन पाहिजे, आणि तेही लेखी. कुठली सूचना घेतली, कुठली नाही, आणि नाही घेतली तर का नाही. एवढंच मागणं आहे माझं.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त बाई एका सरकारी समितीवर अशासकीय सदस्य होत्या. प्रत्येक मीटिंगला तयारी करून जायच्या. शाळांसमोरचे धोक्याचे चौक कुठले, फुटपाथ कुठे संपतो, म्हाताऱ्या माणसाला कुठे रस्ता ओलांडता येत नाही, सगळं स्वतः फिरून फोटोसकट लिहून न्यायच्या. तिथे आधी अधिकाऱ्यांचं प्रेझेंटेशन, मग सत्कार, आणि सदस्यांची वेळ आली की साहेबांना दुसरी व्हिडिओ कॉन्फरन्स असायची. इतिवृत्त, म्हणजे बैठकीची लेखी नोंद, बहुतेक वेळा यायचंच नाही, आलं तरी त्यात "सदस्यांनी विविध सूचना केल्या" एवढं एकच वाक्य. शेवटी त्यांनी जाणं सोडलं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण पदरमोड करून शहरासाठी एवढं करणारी माणसं किती असतात हो?

आणि हे दुखणं नवीन नाहीये. आपलं प्रजासत्ताक अगदी कोवळं होतं तेव्हाच ते लक्षात आलेलं. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव विकास करायचा आणि तो लोकांच्या सहभागातून करायचा असा विचार होता. सल्ला द्यायला समित्या पण नेमल्या. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की लोक यात मनापासून उतरलेच नाहीत, नुसत्या सल्लागार मंडळांनी भागणार नाही, लोकांनी निवडून दिलेल्या संस्थांच्या हातात अधिकार आणि पैसा द्या. त्यातूनच पंचायत राज आलं. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्रजासत्ताक होऊन सातच वर्षं झालेली, आणि सरकारनेच नेमलेली समिती सरकारच्याच लाडक्या योजनेबद्दल एवढं खरं बोलते, मला याचं फार कौतुक आहे.

आता नाशिक बघा. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. तोवर सगळा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. अशा वेळी समिती अधिकारीच नेमणार, अध्यक्ष अधिकारीच, आणि सल्ला ऐकायचा की नाही हेही अधिकारीच ठरवणार, मग नागरिकाने जायचं कुणाकडे? म्हणून समिती कितीही चांगली असली तरी ती नगरसेवकाच्या जागी बसू शकत नाही हे माझं पक्कं मत आहे. पण नगरसेवक असले म्हणजे झालं असंही नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांच्या वरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, आपल्या राज्याच्या कायद्यात त्यावर सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घ्यायची सोय आहे. पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड... तुमच्या भागातले हे तीन जण कोण, सांगता येईल का कुणाला?

सल्लागार मंडळाचा काही उपयोगच नसतो असं मात्र म्हणू नका. २००४ मध्ये केंद्रात राष्ट्रीय सल्लागार परिषद नेमली, माहिती अधिकार आणि रोजगार हमीच्या कायद्यांमागे तिचा मोठा वाटा होता. तिच्यावर टीका झाली की हे लोक निवडून न येता धोरण ठरवतात, आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो. पण शेवटी ते कायदे संसदेत चर्चा होऊन, मंजूर होऊन आले. सल्ला वेगळा, निर्णय वेगळा, आणि निर्णय घेणारा कोण ते सगळ्यांना माहीत, असं असलं की चालतं.

आणि लेखीचं महत्त्व नाशिक जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. मार्च २०१८ मध्ये इथून निघालेले शेतकरी, त्यात कितीतरी आदिवासी बायाबापड्या, जवळपास १८० किलोमीटर चालत मुंबईला गेले, पायाला फोड आलेले, आणि सरकारने लेखी दिल्यावरच ते परतले. लेखी होतं म्हणूनच पुढे २०१९ ला आणि २०२३ ला परत निघताना त्यांना विचारता आलं की त्याचं काय झालं.

कुंभाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा शेकडो लोकांनी हरकती दिल्या. माझी अपेक्षा एवढीच की अशा प्रत्येक हरकतीसमोर एक ओळ उत्तर लिहून ती पूर्ण यादी वेबसाइटवर टाकावी. यात अशक्य काय आहे?

यासाठी नवा कायदा पण नको. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ वाचा. सल्ल्यासाठी नेमलेल्या समित्या कुठल्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हे प्रत्येक कार्यालयाने कुणी अर्ज करायच्या आत स्वतःहून जाहीर करायचंय. धोरण ठरवताना लोकांशी सल्लामसलत करायची काय व्यवस्था आहे, तेही. आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना कारणं द्यायची, हेही त्याच कलमात आहे. २००५ पासून आहे.

तर तुमच्यापैकी जे कुणी कुठल्या समितीवर असाल, शाळा व्यवस्थापन समिती असो, रुग्णालयाची असो नाहीतर कुंभाची, पुढच्या मीटिंगला आधी मागच्या मीटिंगचं इतिवृत्त मागा आणि तुमच्या सूचनेचं काय झालं ते त्यात लिहून घ्या. आणि जे समितीवर नाहीत त्यांनी आपल्या विभागीय कार्यालयात जाऊन कलम ४ ची माहिती कुठे लावलीये ते विचारा. काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, विभागाप्रमाणे एकत्र करून आपण ते आयुक्तांकडे देऊ.