एमआरआय नॉर्मल आला, म्हणून ‘मनाचे खेळ’?

कोविडनंतर शब्द न आठवणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं (यालाच ‘ब्रेन फॉग’ म्हणतात) हे ‘बायकांचं टेन्शन’ आहे, पुरुषांना असलं काही होत नाही, एमआरआय नॉर्मल आला की विषय संपला, असा मेसेज फिरतोय.

‘पुरुषांना होत नाही.’ होतं. लाँग कोविड, म्हणजे कोविडनंतर महिनोन्‌महिने टिकणारा त्रास, बायकांमध्ये जास्त आढळतो, एवढंच खरं. मूळ आजार मात्र पुरुषांत जास्त गंभीर होतो, आयसीयूत जाणारेही तेच जास्त. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात लाखाहून अधिक जणांच्या स्मृती-एकाग्रतेच्या चाचण्या झाल्या. आयसीयूत राहिलेल्यांची घसरण मोठी निघाली.

‘बायकांना जास्त, म्हणजे टेन्शनच.’ विषाणू ओळखणारं टीएलआर7 हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बायकांच्या काही प्रतिकारपेशींत त्याच्या दोन्ही प्रती चालू राहतात. प्रतिसाद जोरकस मिळतो. तोच पुढे रेंगाळत असावा, असा अंदाज आहे.

‘एमआरआय नॉर्मल.’ बहुतेकांचा नॉर्मलच येतो. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने 785 जणांच्या मेंदूचे स्कॅन दोनदा काढले. मधल्या काळात 401 जणांना कोविड झाला होता. त्यांच्यात वासाशी जोडलेल्या भागांत जास्त झीज आढळली, पण सरासरी 0.2 ते 2 टक्के. एकट्या फिल्मवर ती डोळ्यांना दिसणार कशी?

‘धडधडतं, म्हणजे घाबरट स्वभाव.’ इथे सर्वांत जास्त गफलत होते. पीओटीएस, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा विकार, बायकांत जास्त दिसतो आणि त्यातही डोकं जड होतं. तपासणी सोपी आहे: 10 मिनिटं आडवं पडून नाडी आणि बीपी मोजा, मग भिंतीला टेकून उभं राहा आणि 10 मिनिटं दर मिनिटाला मोजा. शेजारी कुणीतरी हवंच. भोवळ आली तर थांबा. बीपी न घसरता नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली (12 ते 19 वयात 40), तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. चहा-कॉफीनंतर किंवा बोलत बोलत मोजलं, की आकडे फसवतात. पहिल्याच मिनिटाला थांबलात तरी तेच.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी12, टीएसएच (थायरॉइड), साखर आणि झोपही तपासून घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांनीही डोकं सुन्न होतं.

‘घाम गाळा, बरं वाटेल.’ श्रमानंतर 12 ते 48 तासांनी त्रास उसळत असेल, तर हा सल्ला उलटतो. काम तुकड्यांत करा, दमण्याआधी थांबा.

अचानक बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला किंवा फिट आली, तर ब्रेन फॉग समजून घरी बसू नका. लगेच इमर्जन्सीत जा.