आठ तासांनंतरचे सोळा तास

पोस्ट मोठी आहे. मिशिगनमधल्या मराठी मंडळींनी, त्यातही ज्यांच्या गाडीच्या इन्शुरन्सचं रिन्युअल जवळ आलंय त्यांनी, कृपा करून पूर्ण वाचा. गेल्या आठवड्यात एका हळदीकुंकवाला तिघीजणी सांगत होत्या, "अगं, आम्ही अनलिमिटेड काढून टाकलं, वर्षाचे बरेच पैसे वाचले." अनलिमिटेड म्हणजे अपघातानंतरच्या उपचारांच्या खर्चाला मर्यादा नसलेला विमा. मी तिथे काही बोलले नाही. घरी आल्यावर झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचा अपघात जुन्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी २०१७, आय-९६ हायवे, सकाळी सव्वासहाची वेळ. हे ऑफिसला निघाले होते. रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर होता, ब्लॅक आइस. गाडी घसरली, कठड्याला धडकली आणि उलटली. दुसरी एकही गाडी त्यात नव्हती. मानेचा मणका मोडला आणि मेंदूला जबर मार बसला. शुद्धीवर यायला अठ्ठावीस दिवस लागले. आज ते मला ओळखतात, पापण्यांनी हो-नाही सांगतात, क्रिकेटची मॅच लावली की ओव्हर संपेपर्यंत डोळे मिटत नाहीत. खांद्यांच्या खाली काही हलत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा.

तेव्हा कोल्हापूरहून माझ्या भावाचा रोज फोन यायचा. "केस टाकलीस का गं?" आपल्याकडे अपघात झाला की ट्रिब्युनलमध्ये क्लेम टाकायचा, ही आपली सवय. मी त्याला म्हटलं, "कोणावर टाकू? बर्फावर?" मिशिगनमध्ये आम्हाला त्याची गरजच पडली नाही. का पडली नाही ते आधी सांगते, कारण त्यातच सगळं आहे.

१९७३ पासून इथे नो-फॉल्ट कायदा आहे. त्याआधी जखमी माणसाला समोरच्या ड्रायव्हरची चूक कोर्टात सिद्ध करावी लागायची, तोवर बिलं थकायची, घर विकायची वेळ यायची. मग राज्याने लोकांशी एक सौदा केला. तुम्ही दावा लावण्याचा हक्क बराचसा सोडा. मृत्यू, शरीराच्या कार्यावर गंभीर परिणाम किंवा कायमची गंभीर विद्रूपता असेल तरच यातनांच्या भरपाईसाठी कोर्टात जाता येईल. बदल्यात चूक कोणाचीही असो, तुमचीच विमा कंपनी तुमच्या उपचारांचा वाजवी आणि आवश्यक खर्च आयुष्यभर देईल. आयुष्यभर! २०१९ च्या सुमारास तर देशात दुसऱ्या कुठल्याही राज्यात असं संरक्षण नव्हतं. मोठ्या खर्चाचा बोजा उचलायला १९७८ मध्ये एक सामायिक निधी उभा राहिला आणि प्रत्येक गाडीमागे त्यात पैसे भरावे लागत. २०१९-२० मध्ये ही रक्कम गाडीमागे २२० डॉलर होती. आम्हीही इथे आल्यापासून ती दर वर्षी भरत होतो, ती कशासाठी आहे हे न वाचता.

दावा लावण्याच्या हक्काला कात्री लावणाऱ्या कायद्यांना इथे टॉर्ट रिफॉर्म म्हणतात. मिशिगनमध्ये ती कात्री नंतरही चाललीच. १९९६ पासून ज्याची स्वतःची चूक पन्नास टक्क्यांहून जास्त ठरेल, त्याला यातनांची भरपाई मिळत नाही. लोकांनी ते सोसलं, कारण सौद्याची दुसरी बाजू शाबूत होती. दवाखाना, घरी येणारी माणसं, रॅम्पची व्हॅन, घराची रुंद केलेली दारं हे सगळं मिळत होतं.

३० मे २०१९ रोजी गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी मॅकिनॅक बेटावर नव्या कायद्यावर सही केली. दोन्ही पक्षांनी मिळून तो केला होता. का केला, तेही सांगायला हवं. मिशिगनचा कार इन्शुरन्स देशात सगळ्यात महाग होता. डेट्रॉइट शहरात तर इतका, की गरीब माणसं विम्याशिवाय गाडी चालवायची आणि पकडली गेली की दंडात बुडायची. तेव्हाचे महापौर माइक डगन वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलत होते आणि त्यांचं दुखणं खरं होतं. हॉस्पिटलंही विमा कंपनी देणार म्हटल्यावर एकाच एमआरआयचं बिल कितीतरी पट लावायची. ते थांबवायलाच हवं होतं. कायद्याने हॉस्पिटलच्या बिलाला मेडिकेअरच्या दुप्पटीच्या आसपास मर्यादा घातली, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण मेडिकेअर हा मुख्यतः म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा. घरी चोवीस तास माणूस ठेवण्याचा खर्च तो देतच नाही, त्यामुळे त्याच्या यादीत त्या कामाचा दरच नाही. मग ज्याचा दर नाही त्याचं काय? कायद्यात लिहिलं, १ जानेवारी २०१९ ला तुमचा जो दर होता त्याचे ५५ टक्के. घरी मदतनीस पाठवणारी एखादी एजन्सी तासाला ३० डॉलर घेत असेल तर आता तिला साडेसोळा मिळणार. त्यातूनच मदतनिसाचा पगार, तिचा विमा, ऑफिसचं भाडं. आणि घरच्या माणसांनी केलेल्या शुश्रूषेचे पैसे आठवड्याला जास्तीत जास्त ५६ तासांचे. म्हणजे दिवसाला आठ. कंपनीने स्वखुशीने मान्य केले तरच त्याहून जास्त.

१ जुलै २०२१ ला हे लागू होणार होतं. जूनमध्ये आमच्या एजन्सीचं पत्र आलं, आम्ही ही सेवा बंद करतोय.

आमच्याकडे तीन वर्षं येणारी एक केनियाची बाई होती. यांच्या पापणीची भाषा तिला माझ्याआधी समजायची. शेवटच्या दिवशी ती यांचे केस विंचरून गेली आणि दुसऱ्या आठवड्यात एका गोदामात कामाला लागली. तिला दोन मुलं होती, घरभाडं होतं, ती तरी काय करणार? मी अकाउंट्सची नोकरी सोडली. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या. तेव्हा त्यांचं वय एकाहत्तर. कापडाच्या झोळीत माणसाला उचलून खुर्चीत ठेवायचं मशीन असतं, ते त्या चार दिवसांत चालवायला शिकल्या. विमा कंपनीच्या फॉर्मवर मी आमच्या दोघींचे तास भरत होते. त्या शेजारी बसून बघत होत्या. मी त्यांना समजावलं की घरातल्या सगळ्यांचे मिळून आठच तास धरतात.

त्या म्हणाल्या, "म्हणजे बायको आणि आई मिळून आठ? मग उरलेले सोळा तास तो कोणाचा?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

त्या ऑक्टोबरमध्ये यांच्या माकडहाडाला बेडसोर झाला. मी रात्री दोनचा गजर लावून झोपले होते आणि गजर ऐकूच आला नाही. एकदा नाही, बहुधा दोनदा. जखम हाडापर्यंत गेली. एकोणीस दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. त्या एकोणीस दिवसांच्या बिलात घरी किती महिने माणूस ठेवता आला असता, हा हिशेब मी करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

आणि २०२२ च्या वसंतात पोस्टाने चेक आला. सामायिक निधीत शिल्लक पडली म्हणून त्यातले सुमारे ३ अब्ज डॉलर लोकांना परत दिले, गाडीमागे ४०० डॉलर. आमच्या रॅम्पच्या व्हॅनचेही आले. फेसबुकवर सगळे खूश होते, मंडळाच्या ग्रुपवर कोण त्यात काय घेणार याची चर्चा होती. मी कोणाला दोष देत नाही. ज्यांच्या घरी हे नाही त्यांना कळायचं कसं? पण तो निधी ज्यांच्यासाठी होता, ती माणसं त्याच वर्षी घर सोडून नर्सिंग होममध्ये जात होती. दोन आठवडे तो चेक देवघरातल्या हळदीकुंकवाच्या डबीखाली होता. नंतर भरला. जखमेच्या ड्रेसिंगला पैसे लागतच होते.

३१ जुलै २०२३ ला मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ११ जून २०१९ च्या आधी ज्यांचा अपघात झाला, त्यांना ही ५५ टक्क्यांची आणि ५६ तासांची मर्यादा लागू नाही. त्यांचे हक्क त्यांच्या पॉलिसीने अपघाताच्या दिवशीच ठरले होते. आम्ही वाचलो. पुन्हा माणसं शोधायला पाच महिने लागले, कारण दोन वर्षांत शिकलेली माणसं पांगली होती, पण वाचलो.

आमच्या सपोर्ट ग्रुपमध्ये एक अमेरिकन बाई आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. तिच्या मुलाचा अपघात सप्टेंबर २०१९ चा. दुखापत जवळजवळ यांच्यासारखीच. पॉलिसी अनलिमिटेड, सगळे हप्ते भरलेले. मुलगा एकोणीस वर्षांचा. निकालाच्या दिवशी ग्रुपवर सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. तिनेही केलं, आणि खाली लिहिलं, "आमचं नाही." तीन महिन्यांचा फरक. आज तो मुलगा दोन तासांच्या अंतरावरच्या नर्सिंग होममध्ये आहे, आजूबाजूला सगळी ऐंशीच्या पुढची माणसं. ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करते आणि रविवारी त्याला भेटायला जाते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सिनेटने हे दर सुधारणारी विधेयकं मंजूर केली, पण हाऊसमध्ये, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या सभागृहात, ती पुढे सरकली नाहीत.

"दावा लावण्याचा हक्क परत दिलाय की," असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी सुनावलं. कागदावर ते बरोबर आहे. नव्या कायद्यात तुमच्या पॉलिसीच्या मर्यादेवरचा उपचाराचा खर्च चूक करणाऱ्या ड्रायव्हरकडून कोर्टात मागता येतो. पण त्या ड्रायव्हरला त्याच्या विम्यातली अशा भरपाईची मर्यादा माणशी ५० हजार डॉलरपर्यंत खाली आणता येते. मणका मोडलेल्या माणसाचे ५० हजार अतिदक्षता विभागात किती दिवस पुरतील? उरलेले त्याच्याकडे असतील का? आणि बर्फावर घसरलात, हरीण आडवं आलं तर? मिशिगनमध्ये वर्षाला पन्नास हजारांहून जास्त गाड्या हरणांना धडकतात. तिथे ज्याच्यावर दावा लावायचा असा माणूसच नसतो. आमच्या बाबतीतही नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा सौदा दोन हातांचा होता. कोर्टाचा दरवाजा अर्धा बंद केला तो घरच्या शुश्रूषेची हमी देऊन. हमी काढून घ्यायची आणि दरवाजा मात्र असा उघडायचा की आत गेल्यावर हाती काही लागणार नाही, याला मी सुधारणा म्हणणार नाही. हॉस्पिटलच्या अवाच्या सवा बिलांना लगाम घाला. पण तासाला पंधरा-वीस डॉलरवर माणसाची कूस बदलणाऱ्या बाईच्या पगारातून राज्याचा प्रीमियम स्वस्त करू नका.

आता तुमच्यासाठी. पॉलिसीच्या पहिल्या काही पानांत पीआयपी (पर्सनल इन्ज्युरी प्रोटेक्शन) असा शब्द सापडेल, तोच हा उपचारांचा खर्च देणारा भाग. त्याच्यासमोर अनलिमिटेड, ५ लाख डॉलर किंवा अडीच लाख डॉलर असेल. मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी आरोग्य विमा) असलेल्यांना ५० हजारांचाही पर्याय आहे. अडीच लाख ऐकायला मोठे वाटतात. यांचे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत त्याहून जास्त झाले होते. "आमचा ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स चांगला आहे" असं म्हणू नका. तो ऑपरेशनचे पैसे देईल, पण घरी वर्षानुवर्षं माणूस ठेवण्याचे सहसा देत नाही. आणि नोकरी गेली की तोही जातो. बॉडिली इन्ज्युरी हा शब्दही शोधा, तुमच्या चुकीने जखमी झालेल्यांना तुमचा विमा किती देईल तो हा आकडा. तो आकडा कमी करून वाचवलेले पैसे म्हणजे तुमच्या हातून चुकून जखमी होणाऱ्या एखाद्या घराचे पैसे आहेत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांना फारशी माहीत नाही. आई-बाबा उन्हाळ्यात येतात, आपण त्यांना गाडीत मागे बसवून नायगाऱ्याला नेतो. पूर्वी आपल्या गाडीत ते जखमी झाले तर आपल्या पॉलिसीतून त्यांचे उपचार व्हायचे. २०१९ च्या बदलानंतर, जो मिशिगनचा रहिवासी नाही आणि ज्याच्या नावावर इथे नोंदलेली, विमा असलेली गाडी नाही, त्याला पीआयपी मिळत नाही. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सची मर्यादा किती आहे ते तिकीट काढायच्या आधी बघा. सासूबाई सहा महिने माझ्या शेजारी बसून फिजिओच्या चकरा मारत होत्या, आणि मला हे त्या परत गेल्यावर कळलं.

कोणाला पॉलिसी वाचताना अडलं तर फोटो पाठवा. मी एजंट नाही, पण ती पानं आता मला पाठ आहेत. दुपारी दोन ते चार यांची थेरपी असते, ती वेळ सोडून केव्हाही.

आम्ही काही कुटुंबं आमदारांना भेटायला पुन्हा राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला जाणार आहोत. तारीख ठरली की इथेच टाकेन. ज्यांना इथे मत देता येतं त्यांनी यावं, आपल्या भागाच्या प्रतिनिधीचं नाव आधी शोधून ठेवावं. आमच्या व्हॅनमध्ये तीन जागा आहेत. मागे यांची खुर्ची लागते, म्हणून तीनच.